धाकटीचं शून्य

काचेच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पडला होता. धुळीने यंत्र बिघडतं, म्हणून आत जाताना पादत्राणं बाहेर काढायची, असा नियम कॉम्प्युटर बसवायला आलेल्या इंजिनीअरने घालून दिला होता. नियम धुळीपुरता होता. पण माणसाने एकदा चपला काढल्या की त्याचा आवाज आपोआप खाली येतो आणि हात आपोआप जुळतात. आमच्या कुलपांच्या कारखान्यात नेमकं तेच झालं. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून माणसं काचेला नाक लावून उभी राहायची, आणि आत दिवे लुकलुकले की एकमेकांना कोपराने ढोसायची.

त्या दिवशी पहिला मान स्टोअरकीपरचा होता. पांढऱ्या मिशांचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. यंत्रापुढच्या लाकडी चौथऱ्यावर एक पितळी पट्टी बसवली होती, तिच्यावर त्याने तळहात ठेवला. शेजारी उभ्या असलेल्या सल्लागाराने डोळे मिटले, कार्डांचा एक छोटा गठ्ठा कपाळाला लावला आणि यंत्राच्या तोंडात सोडला. दिवे लुकलुकले, प्रिंटर खडखडला. सल्लागाराने कागद फाडून मोठ्याने वाचला.

"तुम्ही दोनदा राजीनामा लिहिलात आणि दोनदा फाडून टाकलात. थोरल्या मुलाशी तुमचं पटत नाही. मालकांबद्दल मात्र मनात किंतु नाही. विश्वास, शंभरापैकी चौऱ्याण्णव."

स्टोअरकीपर मटकन खाली बसला. "राजीनाम्याचं माझ्या बायकोलाही माहीत नाही हो," तो म्हणाला आणि रडू लागला. गर्दीतून एक लांबलचक उसासा निघाला.

"विद्युतलहरी, मित्रहो," सल्लागार म्हणाला. "तळहातातून निघतात, पितळेतून वाहतात, आणि यंत्राच्या चुंबकीय पोटात माणूस कांद्यासारखा उलगडतो. यंत्राला आई नाही, बाप नाही, मेहुणा नाही. मग ते खोटं बोलेल तरी कुणासाठी?"

हा सल्लागार मालकांनी आणलेला. सुटाबुटातला, अत्तराचा भपकारा सोडणारा, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी डोळे छताला लावणारा. आमच्या खोलीतल्या मुली त्याला गणकमहाराज म्हणत. त्याच्या पाठीमागे, अर्थातच.

आमची खोली म्हणजे पंचिंग विभाग, आणि मी त्याची मुख्य. त्या काळी कॉम्प्युटरला काही सांगायचं तर जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून सांगावं लागे. हजेरी, माल, विक्री, सगळं आमच्या मशीनवर कार्डांमध्ये उतरायचं. एका मुलीने पाडलेली भोकं दुसरी मुलगी पुन्हा तपासायची, मगच ते कार्ड काचेच्या खोलीत जायचं. यंत्र जे खातं ते आम्ही रांधत होतो. ज्याला आपण रोज घास भरवतो त्याच्या पाया पडावंसं काही वाटत नाही, त्यामुळे मी या दर्शनाला फारशी जात नसे. गणकमहाराजांची ही कार्डं आमच्याकडून जात नाहीत, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं होतं. मी विचारल्यावर ते म्हणाले होते, "ती यंत्र स्वतःच तयार करतं, बाई." माझं एक पंच मशीन मालकांच्या केबिनकडे 'दुरुस्तीला' नेलेलं होतं आणि ते परत यायचं नाव घेत नव्हतं. हे दोन्ही धागे तेव्हा मी एकत्र बांधले नाहीत. डोक्याला दुसरे ताप होते.

मग एके सकाळी धाकटीचा नंबर लागला.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. आम्ही दोघी एकाच घरात, कारखान्याने दिलेल्या क्वार्टरमध्ये राहायचो. सासूबाई, आमचे हे, भाऊजी आणि आम्ही दोघी. हे टूलरूममध्ये, भाऊजी पॅकिंगमध्ये, धाकटी जुळवणीच्या टेबलावर. कुलूप तयार झालं की त्याची किल्ली त्यालाच लागते ना आणि दुसऱ्याला लागत नाही ना, हे बघायचं तिचं काम. अंगाने किडकिडीत, बोलायला मितभाषी, पण बोलली की नेमकं बोलायची. मागच्या महिन्यात एक घाऊक व्यापारी माल बघायला आला असताना ती सगळ्यांदेखत जुळवणीच्या साहेबांना म्हणाली होती, "साहेब, या पेटीतली एकच किल्ली बाकीच्या कुलपांनाही लागतेय." तिने ते तक्रार म्हणून नाही, दोष दाखवायचा म्हणून सांगितलं होतं. मालकांच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या. किल्ल्यांचे साचे कमी करून खर्च वाचवायची ती त्यांचीच युक्ती होती.

यंत्राने तिला सांगितलं, "वरवर शांत, आतून कावेबाज. नवऱ्याला न सांगता ड्रॉइंगच्या वर्गाला अर्ज केला आहे. सासरी नांदते पण मन तिथे नाही. किल्ल्यांपासून दूर ठेवावी. विश्वास, शून्य."

गर्दी एक पाऊल मागे सरकली. भाऊजी गर्दीतच उभे होते.

वर्गाचं खरं होतं, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. कुलपांची चित्रं काढायला शिकायचं तिच्या मनात होतं. प्रवेश मिळाला की सांगेन, नाही मिळाला तर हसं नको, असा तिचा साधा हिशेब. पण यंत्राने एक खरी गोष्ट सांगितली म्हटल्यावर बाकीचं सगळं खरं ठरलं. एक खरा दाणा टाकला की भोळी माणसं मागचं पोतंभर भूस गिळतात, आणि बुवांचा धंदा त्यावरच चालतो.

दुसऱ्या दिवशी तिला जुळवणीच्या टेबलावरून उठवून गेटजवळ खोकी मोजायला बसवलं. महिनाअखेरीला नोकरीवरून काढणार, असंही सांगितलं. मी तिला घेऊन जुळवणीच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही हो, पोरगी चांगली आहे. पण यंत्राने सांगितलंय." कामगार अधिकाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, "माणसाविरुद्ध तक्रार असेल तर अर्ज घेतो. यंत्राविरुद्ध अर्ज कुठल्या फायलीत लावू?" शेवटी गणकमहाराजांकडे गेलो. त्यांनी मोठ्या मनाने तिला पुन्हा हात ठेवू दिला. पुन्हा शून्य. "आता तर सिद्धच झालं," ते म्हणाले. जिकडे जावं तिकडे दार होतं, पण प्रत्येक दार आतून बंद होतं आणि पलीकडे कुणी माणूसच नव्हता.

राजीनामा द्यावा तर लोक म्हणणार, बघा, पळाली. राहावं तर रोज गेटवर सगळ्यांच्या नजरा. घरी यावं तर घरातही तेच. सासूबाईंनी कपाटाच्या किल्ल्या खिळ्यावरून काढून कमरेला लावल्या. "तुझ्यामुळे नाही गं," त्या म्हणाल्या, "सवय असावी म्हणून." भाऊजी जेवताना ताटाकडे बघून जेवत. रागावले असते तरी बरं झालं असतं. ते फार शहाण्यासारखे वागत होते, आणि ते बघवत नव्हतं.

एकदा मी भांडी लावत होते, तर ती मागे येऊन उभी राहिली.

"ताई, यंत्र माझ्याशी कशाला खोटं बोलेल? त्याचं मी काय बिघडवलंय?"

"अगं, ते यंत्र आहे. ते कुणाशीच बोलत नाही."

"मी चौथीत असताना शेजारणीची रिबीन घेतली होती. परत दिलीच नाही. ते असेल का हो?"

मला संताप आला, तिचा नाही, त्या अत्तरवाल्याचा. निर्दोष माणूस स्वतःच स्वतःची झडती घ्यायला लागतो आणि शोधलं की प्रत्येकाच्या खिशात एखादी रिबीन सापडतेच. मी तिला म्हटलं, "तो कागद दाखव मला."

तिने तो चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला होता. कडा मळल्या होत्या, इतक्या वेळा उघडून वाचला असेल. आमच्या यंत्राला रोमन लिपीच यायची, त्यामुळे आपलीच भाषा रोमन अक्षरांत छापलेली. मी शेवटच्या ओळीवर आले आणि थांबले.

आमच्या प्रिंटरचा शून्य हा आकडा लांबट, अंड्यासारखा. ओ हे अक्षर गोल गरगरीत. विश्वास या शब्दापुढे जे छापलं होतं ते गोल होतं. तो शून्य नव्हताच, तो ओ होता.

आता इथे जरा थांबून सांगायला हवं. जुन्या टाइपरायटरवर वाढलेली माणसं शून्याच्या जागी सर्रास ओ मारतात. कागदावर दिसायला सारखंच, वाचणाऱ्याला कळतं, काही बिघडत नाही. त्यात पंच मशीनवर आकडा पाडायचा तर वेगळी कळ दाबून धरावी लागते, त्याचाही कंटाळा. टायपिंग शिकून आलेली प्रत्येक मुलगी आमच्याकडे पहिल्या आठवड्यात ही चूक करते आणि माझी बोलणी खाते. कारण यंत्राला ओ आणि शून्य यांचा काडीचाही संबंध माहीत नाही. हिशेबात ओ आला की ते अडून बसतं. आणि त्याने स्वतः हिशेब करून काढलेलं शून्य कधी गोल येणार नाही. यंत्र मनकवडं असो नाहीतर नसो, टायपिस्टची सवय त्याला लागायची नाही.

म्हणजे यंत्राने काही मोजलं नव्हतं, काही ओळखलं नव्हतं. कुणीतरी टाइप केलेला मजकूर त्याने जसाच्या तसा छापला होता.

"तो वर्गाचा अर्ज तू कुणाकडून टाइप करून घेतलास?" मी विचारलं.

"सगळे घेतात त्यांच्याचकडून. मालकांच्या टायपिस्टकडून."

स्टोअरकीपरचा राजीनामाही त्याच टेबलावर टाइप झाला असणार. कारखान्यातल्या निम्म्या माणसांची गुपितं त्या एका टाइपरायटरमधून गेली होती. मी हसायला लागले. धाकटीला वाटलं माझं डोकं फिरलं.

ह्यांना सांगितलं तर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "तुझी नोकरी, माझी नोकरी, भाऊची नोकरी, हे घर, सगळं एकाच माणसाच्या हातात आहे. एका अक्षरावरून तू मालकांना खोटं पाडणार?"

"अहो, मग काय करू? तिला रोज असं झिजू देऊ?"

"मी तसं म्हणत नाहीये," ते म्हणाले. त्यांचं चुकत नव्हतं. आम्ही सगळे एकाच कड्यात अडकवलेल्या किल्ल्या होतो, हे मलाही कळत होतं, आणि भीती मलाही वाटत होती.

ओ आणि शून्याचा फरक चपला काढून उभ्या राहिलेल्या गर्दीला पटणार नाही, हेही कळत होतं. त्यांनी डोळ्यांनी चमत्कार पाहिला होता. तो मोडायचा तर डोळ्यांपुढेच मोडायला हवा. मी मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरला गाठलं. तो भला माणूस, पण त्या दिवसांत सगळ्यांसारखाच गप्प.

"त्या पितळी पट्टीची वायर यंत्रात कुठे जोडलीय?"

त्याने आजूबाजूला बघितलं. "कुठेच नाही. चौथऱ्यामागे गुंडाळून ठेवलीय."

"आणि हे तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. "बाई, कार्डं घातली की छापून येतं. हात असो नाहीतर नसो. तुम्ही सगळ्यांसमोर मला सांगितलंत तर मी बटण दाबीन. आपणहून नाही दाबणार."

तेवढं मला पुरेसं होतं.

त्या आठवड्यात मालकांनी घाऊक व्यापाऱ्यांना यंत्र दाखवायला बोलावलं. 'विश्वासू हातांनी बनलेलं कुलूप' अशी नवी जाहिरात करायची होती. काचेची खोली भरली, बाहेर गर्दी, चपलांचा डोंगर. गणकमहाराजांनी खास खेळ ठेवला होता. आधी शंभरातले नव्वदवाले आले. मग यंत्राने नाकारलेलं माणूस कसं दिसतं ते व्यापाऱ्यांना दाखवायला त्यांनी धाकटीला पुढे बोलावलं. ती आली. मी तिच्या मागोमाग गेले.

महाराजांनी गठ्ठा कपाळाला लावून यंत्रात सोडला. "हात ठेव, मुली."

मी धाकटीचा हात धरून बाजूला घेतला आणि मालकांना म्हटलं, "मालक, आज पाहुणे आलेत, पहिला हात तुमचाच शोभतो. ठेवा ना."

व्यापारी कौतुकाने बघू लागले. गर्दीतून "हो हो, मालक" असा आवाज आला. मालकांना नाही म्हणवेना. महाराज "अहो, थांबा" म्हणेपर्यंत मालकांचा अंगठ्या घातलेला हात पट्टीवर टेकला होता आणि ऑपरेटरने नेहमीसारखं बटण दाबलं होतं. प्रिंटर खडखडला. कागद महाराजांच्या आधी मी फाडला आणि वाचला.

"वरवर शांत, आतून कावेबाज. नवऱ्याला न सांगता ड्रॉइंगच्या वर्गाला अर्ज केला आहे. सासरी नांदते पण मन तिथे नाही."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग मागून पॅकिंगमधली एक मावशी म्हणाली, "अगंबाई, मालकांना सासरी पाठवलं कधी?" आणि खोलीला हसू आवरेना.

"लहरी मिसळल्या," महाराज म्हणाले. त्यांची नजर छताला लागेना. "ही स्त्री शेजारी उभी होती. तिच्या लहरी तीव्र आहेत."

"मग आम्ही सगळे लांब जातो," मी म्हटलं. "ऑपरेटर, तीच कार्डं पुन्हा घाल. पट्टीवर कुणीच हात ठेवू नका."

ऑपरेटरने मालकांकडे बघितलं नाही. त्याने बटण दाबलं. मोकळ्या पट्टीपुढे प्रिंटरने तोच मजकूर अक्षरन् अक्षर छापला. खाली तोच गोल ओ.

"आता या लहरी कुणाच्या?" मी विचारलं. महाराज खिशातला रुमाल शोधत होते. मी चौथऱ्यामागे हात घातला आणि वायरचं वेटोळं वर काढून दाखवलं. त्याचं टोक कशालाच लावलेलं नव्हतं. मग ओ आणि शून्य समजावून सांगितलं, आणि स्टोअरकीपरला विचारलं की राजीनामा टाइप कुणी केला होता. त्याने दाराकडे बोट दाखवलं. सगळ्यांच्या माना दाराजवळच्या टायपिस्टकडे वळल्या.

तो काही दुष्ट माणूस नव्हता. खाली बघून म्हणाला, "मला जे जे माहीत होतं ते विचारून घेतलं. मग जे सांगितलं ते मी केबिनमधल्या पंच मशीनवर टाइप केलं. आकडे माझे नाहीत."

"मग कुणाचे?" कुणीतरी विचारलं. त्याने मालकांकडे बघितलं.

मला वाटलं होतं, इथे माझं काम संपलं. पण धाकटी पुढे झाली. आवाज बारीक होता, तरी सगळ्यांना ऐकू गेला.

"मालक, यंत्राने मला शून्य दिलं नाही, तुम्ही दिलंत. हरकत नाही. काढायचं असेल तर काढा. पण तोंडाने सांगा. माझ्याकडे बघून सांगा की मी चोर आहे."

मालक तिच्याकडे बघू शकले नाहीत. त्यांनी व्यापाऱ्यांकडे बघितलं, महाराजांकडे बघितलं, यंत्राकडेसुद्धा बघितलं. तेवढ्यात मागच्या महिन्यात आलेला तो व्यापारी म्हणाला, "ही तीच बाई ना, एक किल्ली सगळ्या कुलपांना लागते म्हणणारी? ती पेटी मला आधी बघू द्या." तेव्हा कुठे गर्दीला कळलं की यंत्र हा आडोसा होता. जे स्वतःच्या तोंडाने बोलायची लाज वाटत होती, ते मालकांनी लोखंडाच्या तोंडून बोलवून घेतलं होतं.

गणकमहाराज त्याच दुपारी गेले. गडबडीत दुसऱ्याच कुणाचे तरी बूट घालून गेले. पेटी उघडली गेली, बराच माल परत आला, आणि धाकटी जुळवणीच्या टेबलावर बसली. मालकांनी माफी मागितली नाही. आम्हाला कुणालाही कामावरून काढलंही नाही, कारण आता त्यांना कारण द्यावं लागलं असतं. यंत्र राहिलं. ते पगाराचे हिशेब बिनचूक करतं, आणि त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

संध्याकाळी भाऊजी ओशाळून तिच्यासमोर बसले होते. म्हणाले, "एवढं मोठं यंत्र, एवढी शिकलेली माणसं. मला कसं कळणार होतं?"

"मी रोज तुमच्यासमोर बसून जेवत होते," धाकटी म्हणाली. "मला विचारायचं होतंत."

माझं सांगणंही एवढंच आहे. यापुढे यंत्रं मोठी होतील, आणि त्यांच्या आडून बोलणारे महाराजही. यंत्राने सांगितलंय असं कुणी म्हणालं, की यंत्राला कुणी सांगितलं ते विचारा. ज्याच्याबद्दल सांगितलंय तो माणूस समोर बसलेला असेल, तर त्यालाही विचारा. आमच्या घरात ते कुणाला सुचलं नाही.